एक दमदार प्रोसेसर घ्यायचा की ढीगभर कोअरवाला? याच प्रश्नावर सिमोर क्रे यांचं अख्खं आयुष्य गेलं

नवा पीसी बांधायचा म्हटलं की मित्रांच्या ग्रुपवर हमखास एक वाद पेटतो. अर्धे जण सांगतात, गपचूप डेस्कटॉप प्रोसेसर घे, कामं पटापट होतील. उरलेले सांगतात, काम पोटापाण्याचं आहे ना, मग सर्व्हरच्या जातकुळीतला वर्कस्टेशन प्रोसेसर घे, एकदाच काय तो खर्च कर.

आता आकडे बघा. एएमडीचा रायझन ९ ९९५०एक्स हा डेस्कटॉप प्रोसेसर. १६ कोअर, स्पीड ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत, बाजारात आला तेव्हाची अमेरिकेतली किंमत ६४९ डॉलर. त्याच कंपनीचा थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्स हा वर्कस्टेशनचा प्रोसेसर. ९६ कोअर, स्पीड ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत, बाजारात आला तेव्हाची किंमत ९,९९९ डॉलर.

म्हणजे किंमत १५ पट, कोअर ६ पट आणि एकेका कोअरचा कमाल वेग उलट कमीच. मग १५ पट पैसे नेमके कशाचे?

याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडतं. त्यांचं नाव सिमोर क्रे. एकेकाळी जगातला सगळ्यात वेगवान कॉम्प्युटर कोणता असं विचारलं, की उत्तर बहुतेक वेळा क्रे यांनी बनवलेलं मशीनच असायचं. प्रोसेसर थोडेच पण दमदार हवेत, यावर ते जवळजवळ आयुष्यभर ठाम राहिले. या हट्टाने त्यांना सुपरकॉम्प्युटरचा बादशाह केलं आणि याच हट्टापायी त्यांची एक कंपनी बुडाली.

तळघरात सुरू झालेली गोष्ट

२८ सप्टेंबर १९२५. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात चिपेवा फॉल्स नावाच्या छोट्याशा गावात सिमोर क्रे यांचा जन्म झाला. वडील सिव्हिल इंजिनियर. पोराला तारा, बॅटऱ्या आणि मोटारींचा नाद लागलाय हे त्यांनी हेरलं आणि घराचं तळघर त्याच्या प्रयोगांसाठी देऊन टाकलं. दहाएक वर्षांच्या सिमोरने खेळण्यातले सुटे भाग जोडून एक यंत्र बनवलं. कागदाच्या पट्टीवर पाडलेली भोकं वाचून ते मोर्स कोडचे संदेश तयार करायचं.

१९४३ मध्ये शाळा संपली आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांना सैन्यात जावं लागलं. रेडिओ ऑपरेटर म्हणून ते आधी युरोपात आणि मग पॅसिफिकच्या आघाडीवर होते. परत आल्यावर मिनेसोटा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगची पदवी घेतली, मग १९५१ मध्ये गणितात मास्टर्स केलं. याच सुमारास सेंट पॉलमधल्या इंजिनियरिंग रिसर्च असोसिएट्स या कंपनीत ते लागले. कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्या तेव्हा बोटावर मोजण्याइतक्या होत्या.

या कंपनीतून काही लोक बाहेर पडले आणि १९५७ मध्ये विल्यम नॉरिस यांच्या नेतृत्वाखाली कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन, म्हणजे सीडीसी, उभी राहिली. क्रे तिथे गेले आणि खेळ खऱ्या अर्थाने सुरू झाला.

३४ जणांनी आयबीएमला मागे टाकलं

क्रे यांचा एक प्रॉब्लेम होता. मीटिंगा, रिपोर्ट, साहेब लोकांच्या भेटी हे सगळं त्यांना नकोसं व्हायचं. कागद, पेन्सिल आणि शांतता, एवढं मिळालं की ते खूश. शेवटी नॉरिस यांनी त्यांना मुख्यालयापासून लांब, त्यांच्या गावातच म्हणजे चिपेवा फॉल्सला लॅब काढून दिली.

तिथे तयार झालेलं सीडीसी ६६०० हे मशीन १९६४ मध्ये बाजारात आलं. आयबीएमचं स्ट्रेच हे तेव्हाचं सगळ्यात वेगवान मशीन समजलं जायचं. ६६०० त्याच्या साधारण तिप्पट वेगवान निघालं. आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन ज्युनियर यांनी १९६३ मध्येच आपल्या अधिकाऱ्यांना वैतागून पत्र लिहिलं होतं. फक्त ३४ लोकांची टीम, त्यातही एक सफाई कर्मचारी, आणि एवढी मोठी आपली कंपनी मागे कशी पडली, असा त्या पत्राचा सूर होता.

६६०० इतकं पळालं कसं? क्रे आणि त्यांचे सहकारी जिम थॉर्नटन यांनी गणितं करणारा मुख्य प्रोसेसर एकच ठेवला आणि त्याला बाकीच्या कामातून मोकळं केलं. टेप वाचणं, प्रिंटरला माहिती देणं, डिस्क सांभाळणं ही वरकामं १० छोट्या प्रोसेसरवर सोपवली.

आपल्या वादातला पहिला धडा इथे आहे. मशीनचा वेग नुसता प्रोसेसरवर ठरत नाही, त्याच्या आजूबाजूच्या वाहतुकीवरही ठरतो. आजच्या भाषेत या वाहतुकीचे रस्ते म्हणजे पीसीआयई लेन. रायझन ९ ९९५०एक्समध्ये वापरता येतील अशा लेन आहेत २४. थ्रेडरिपर प्रोमध्ये १२८. एका ग्राफिक्स कार्डला पूर्ण ताकदीने चालायला साधारण १६ लेन लागतात. म्हणजे डेस्कटॉपवर एक कार्ड ऐसपैस बसतं. चार कार्डं लावून एआय मॉडेल ट्रेन करायचं असेल किंवा थ्रीडी रेंडरिंग करायचं असेल, तर ६४ लेन नुसत्या कार्डांनाच हव्यात. तिथे डेस्कटॉप प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी रस्ताच पुरत नाही.

कागदावर वेगवान, कामात ढिम्म

१९६९ मध्ये क्रे यांचं सीडीसी ७६०० आलं. पुढच्या ८६०० या मशीनचं काम मात्र अडकलं. इतके सुटे भाग एकत्र केले होते की काही ना काही सतत बिघडत राहायचं. त्याच वेळी सीडीसीमध्ये थॉर्नटन यांच्या देखरेखीखाली स्टार-१०० नावाचं दुसरं मशीन तयार होत होतं आणि कंपनीकडे दोन्हीला पुरेल एवढा पैसा नव्हता. १९७२ मध्ये क्रे यांनी सीडीसी सोडली आणि क्रे रिसर्च ही स्वतःची कंपनी काढली. भांडून नाही बरं का. नॉरिस यांच्या सीडीसीने या नव्या कंपनीत पैसेही घातले.

आता स्टार-१०० ची गंमत बघा. हजारो आकड्यांवर एकदम एकच क्रिया करायची, या कामात ते कागदावर तुफान होतं. प्रत्यक्षात लोकांनी आपले प्रोग्रॅम चालवले तेव्हा ते अपेक्षेच्या खूप खाली राहिलं. कारण कुठल्याही प्रोग्रॅममध्ये काही काम एकदम करता येतं आणि काही काम एकामागून एकच करावं लागतं. हे दुसरं काम स्टार-१०० फार हळू करायचं.

लग्नाचा स्वयंपाक डोळ्यासमोर आणा. पोळ्या लाटायला दहा जण बसले तर पोळ्या लवकर होतात. पण भात शिजायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. भाताच्या पातेल्याभोवती दहा जण उभे केले म्हणून तो लवकर शिजत नाही.

कॉम्प्युटरच्या बाबतीत जीन अ‍ॅमडाल या इंजिनियरने १९६७ मध्ये हाच मुद्दा मांडला होता. त्याला अ‍ॅमडालचा नियम म्हणतात. त्याचं गणित आपल्या दोन प्रोसेसरना लावून बघू. सोयीसाठी दोन्हींचे कोअर सारख्याच वेगाचे धरू.

समजा तुमच्या कामाचा ९० टक्के भाग वाटून करता येतो आणि १० टक्के भाग एकामागून एकच होतो. १६ कोअरवर ते काम ६.४ पट लवकर होईल. ९६ कोअरवर? फक्त ९.१ पट. कोअर सहापट वाढले, पण काम दीडपटही लवकर झालं नाही. आता काम ९९ टक्के वाटता येणारं असेल तर? १६ कोअरवर १४ पट आणि ९६ कोअरवर ४९ पट. इथे मात्र पैसे वसूल.

म्हणजे किती कोअर हवेत, हे आधी तुमचं काम सांगतं.

क्रे-१ : सोफ्यासारखं दिसणारं ५ टनांचं मशीन

१९७६ मध्ये क्रे-१ आलं. वरून पाहिलं तर इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचं आणि भोवती बसायला गादीचा बाक. हा आकार शोभेसाठी नव्हता. विजेला तारेतून जायलाही वेळ लागतो. गोलाकार रचनेमुळे आतल्या तारा छोट्या ठेवता आल्या. बाकाखाली पॉवर सप्लाय लपवले होते. वजन ५ टनांच्या वर, आणि थंड ठेवायला फ्रीजमध्ये असतो तसा फ्रिऑन वायू.

स्पीड ८० मेगाहर्ट्झ, मेमरी ८ एमबी. आज ऐकायला हसू येतं, पण तेव्हा याच्या तोडीचं काही नव्हतं. क्रे यांनी दोन्ही बाजू सांभाळल्या होत्या. एकदम करायचं काम वेगात होत होतं आणि एकामागून एक करायचं कामही. स्टार-१०० जिथे अडकलं, तिथेच क्रे-१ जिंकलं.

मेमरीचीही त्यांनी काळजी घेतली होती. प्रोसेसर कितीही चपळ असला तरी आकडे वेळेवर पोचले नाहीत तर तो रिकामा बसतो. म्हणून क्रे-१ ची मेमरी १६ वेगवेगळ्या बँकांमध्ये विभागली होती. एक बँक कामात असली तरी दुसरीकडून माल येत राहायचा.

आजच्या प्रोसेसरमध्ये हे काम मेमरी चॅनल करतात. डेस्कटॉपला साधारण २ चॅनल असतात, थ्रेडरिपर प्रोला ८. हवामानाचं मॉडेल, इंजिनियरिंगचं सिम्युलेशन, भलामोठा डेटाबेस असल्या कामात जास्तीचे पैसे इथे उपयोगी पडतात. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. कोअर ६ पट झाले तरी चॅनल ४ पटच झालेत. प्रत्येक कोअरच्या वाट्याला येणारा रस्ता उलट थोडा अरुंदच होतो.

लॉस अलामॉसचा प्रश्न : उत्तर चुकलं तर?

क्रे यांच्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग आता येतो.

मेमरीत प्रत्येक गोष्ट ० किंवा १ अशी साठवलेली असते. कधीकधी कुणी हात न लावता ० चा १ होतो. याचं एक कारण अवकाशातून येतं. कॉस्मिक किरण वातावरणावर आदळतात, त्यातून न्यूट्रॉन कण सुटतात आणि एखादा कण चिपवर येऊन धडकला की बिट उलटतो.

अशा चुका पकडायला मेमरीत जादा बिट ठेवता येतात. पण जादा बिट म्हणजे जादा सर्किट, जादा खर्च आणि वेगाला थोडी खीळ. वेगापुढे क्रे यांना हे फालतू वाटायचं. सीडीसी ६६०० च्या मुख्य मेमरीत त्यांनी चूक तपासायची सोयच ठेवली नव्हती.

पहिलं क्रे-१ चाचणीसाठी गेलं लॉस अलामॉसला. ही अमेरिकेची अण्वस्त्रांवर काम करणारी प्रयोगशाळा, समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरच्या आसपास. इतक्या उंचीवर हवा विरळ, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या कणांचा मारा जास्त. या पहिल्या मशीनमध्ये मेमरीत चूक झाली एवढं कळायचं, पण ती दुरुस्त व्हायची नाही. सहा महिन्यांच्या चाचणीत अशा १५२ चुका नोंदल्या गेल्या.

विचार करा. तासन् तास चाललेलं अणुस्फोटाचं गणित आणि मध्येच एक आकडा गुपचूप बदलला. मशीनने चूक पकडली तर काम पुन्हा करायचं. पकडलीच नाही तर चुकीचं उत्तर बरोबर समजून पुढे जायचं. दुसरी गोष्ट जास्त भयंकर.

शेवटी क्रे यांनी माघार घेतली. पुढच्या क्रे-१ मशीनमध्ये प्रत्येक ६४ बिटांमागे ८ जादा बिट आले. एक बिट चुकला तर मशीन स्वतः दुरुस्त करणार, दोन चुकले तर निदान ओरडून सांगणार. अशी दुरुस्तीची सोय असलेलं मशीन अमेरिकेच्या एनसीएआर या हवामान संशोधन संस्थेने सुमारे ८८ लाख डॉलरला घेतलं. हेच कंपनीचं पहिलं रीतसर गिऱ्हाईक. क्रे-१ ची ८० हून जास्त मशीन विकली गेली.

या सोयीला आज ईसीसी मेमरी म्हणतात. थ्रेडरिपर प्रो आणि इंटेलचा झिऑन डब्ल्यू यांना ती मिळतेच. डेस्कटॉपवर मात्र नीट बघून घ्यावं लागतं. बरेच रायझन प्रोसेसर ईसीसी चालवतात, पण मदरबोर्डचा पाठिंबा हवा आणि रॅमही तशीच घ्यावी लागते. इंटेलच्या काही कोअर प्रोसेसरवर ती चालते, पण त्यासाठी डब्ल्यू६८० सारखा वर्कस्टेशनचा चिपसेट लागतो. डीडीआर५ रॅममध्ये दुरुस्तीची सोय असतेच, असं दुकानदार सांगेल. ते खरं आहे, पण ती सोय चिपच्या आतपुरती. रॅमपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर ती तुमचा डेटा सांभाळत नाही.

गेम खेळताना एक बिट उलटला तर फार तर गेम बंद पडेल. पण पुलाचं डिझाइन, औषधाचं संशोधन, लोकांचे हिशोब असं काही मशीनवर असेल तर ईसीसीवर पैसे वाचवू नका. आणि त्यासाठी ९६ कोअर घ्यायलाच हवेत असंही नाही. योग्य मदरबोर्डसोबत डेस्कटॉप प्रोसेसरवरही हे जमतं.

क्रे अडून बसले आणि पुण्यात वेगळाच रस्ता निघाला

चुकांच्या बाबतीत क्रे झुकले. ढीगभर छोटे प्रोसेसर एकत्र जोडण्याच्या कल्पनेला मात्र ते नाकच मुरडत राहिले. दोन-चार तगडे प्रोसेसर ठीक, पण शेकडो दुबळे एकत्र आणून काम कसं वाटणार, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्याच कंपनीत स्टीव्ह चेन यांनी १९८२ मध्ये दोन प्रोसेसरचं क्रे एक्स-एमपी आणलं. १९८५ मधल्या क्रे-२ मध्ये खुद्द क्रे यांनीही ४ प्रोसेसर वापरले, पण त्यापलीकडे उडी घ्यायला ते तयार नव्हते.

इथे गोष्टीत भारत येतो. १९८० च्या दशकात भारताला क्रे सुपरकॉम्प्युटर हवा होता. हे मशीन अण्वस्त्रांच्या कामालाही वापरलं जाईल या भीतीने अमेरिकेने हात आखडता घेतला. हवामानाच्या अंदाजासाठी एक्स-एमपीचं एक छोटं मॉडेल दिलं, त्याहून ताकदवान मशीन नाकारलं.

मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं. सूत्रं होती अकोला जिल्ह्यातून आलेल्या डॉ. विजय भटकर यांच्याकडे. क्रे यांच्यासारखा एकच महाकाय प्रोसेसर बनवायचा तर लागणारं तंत्रज्ञान हाताशी नव्हतं. बाजारात मिळणारे छोटे प्रोसेसर मात्र घेता येत होते. सी-डॅकने ट्रान्सप्युटर नावाचे ६४ प्रोसेसर एकत्र जोडले आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. क्रे ज्या रस्त्याला नको म्हणत होते, त्याच रस्त्याने भारताने आपला पहिला सुपरकॉम्प्युटर बनवला.

शेवटचा डाव

१९८९ मध्ये क्रे यांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली. कोलोरॅडो स्प्रिंग्समध्ये क्रे कॉम्प्युटर कॉर्पोरेशन काढली आणि क्रे-३ हाती घेतलं. यावेळी नेहमीचं सिलिकॉन सोडून गॅलियम आर्सेनाइड हे जास्त वेगवान पण बनवायला महाकठीण साहित्य निवडलं. का? तर प्रत्येक प्रोसेसर आणखी दमदार हवा म्हणून.

पण बाजार बदलला होता. शीतयुद्ध संपलं आणि सरकारी पैसा आटला. १९९१ च्या अखेरीस लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने ऑर्डर रद्द केली. १९९३ मध्ये एक क्रे-३ एनसीएआरमध्ये पोचलं. दुसरं कधीच कुणाकडे गेलं नाही. मार्च १९९५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली.

वय ७० च्या घरात. दुसरा कुणी असता तर थांबला असता. क्रे यांनी १९९६ मध्ये आणखी एक कंपनी काढली, एसआरसी कॉम्प्युटर्स. आणि यावेळी त्यांनी ठरवलं की मशीन बनवायचं ते अनेक प्रोसेसर जोडूनच. आयुष्यभर ज्या कल्पनेला विरोध केला, ती त्यांनी शेवटी मान्य केली.

पण ते मशीन बनवायला त्यांना वेळ मिळाला नाही. २२ सप्टेंबर १९९६ ला कोलोरॅडो स्प्रिंग्सजवळ हायवेवर त्यांच्या जीपला अपघात झाला. दोन आठवडे झुंज देऊन ५ ऑक्टोबरला, वयाच्या ७१ व्या वर्षी ते गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंटेलच्या अ‍ॅस्की रेड या मशीनने सेकंदाला एक लाख कोटी गणितांचा टप्पा जगात पहिल्यांदा ओलांडला. त्यात बसवले होते हजारो पेंटियम प्रो, म्हणजे बाजारात मिळणारेच प्रोसेसर.

मग तुम्ही काय घ्यायचं?

क्रे चुकले होते का? पूर्णपणे नाही. गेमिंग, फोटो एडिटिंग, कोडिंग, बहुतेक व्हिडिओ एडिटिंग, ऑफिसचं काम, यात आजही थोडे पण वेगवान कोअरच जिंकतात. इथे डेस्कटॉप प्रोसेसर घ्या, उरलेले पैसे रॅम, एसएसडी आणि ग्राफिक्स कार्डावर घाला.

वर्कस्टेशन प्रोसेसर कधी घ्यायचा? काम जवळजवळ पूर्ण वाटून होणारं असेल, दोनपेक्षा जास्त ग्राफिक्स कार्डं लावायची असतील, किंवा शेकडो जीबी रॅम लागणार असेल तेव्हा. यातलं एकही लागू नसेल तर १५ पट पैसे मोजून मशीन रिकामं बसेल. आणि विजेचं बिल येईल ते वेगळंच.

ठरत नसेल तर एक साधी गोष्ट करा. आत्ता आहे त्या मशीनवर रोजचं सगळ्यात जड काम लावा आणि टास्क मॅनेजर उघडून बघा. सगळे कोअर शेवटपर्यंत भरलेले दिसले तर जास्त कोअर घेण्यात अर्थ आहे. दोन-चारच धावतायत आणि बाकीचे बसून आहेत असं दिसलं तर तुम्हाला क्रे यांचाच सल्ला लागू पडतो. कोअर थोडे चालतील, पण चपळ हवेत.